एकात्म संगणक प्रणाली आणि शीघ्र व्यावसायिक विश्लेषण : महाराष्ट्राच्या अनुभवाचा ऐतिहासिक आढावा

सारांश

यंत्रसामग्री आणि आज्ञावली एकाच उत्पादकाने परस्परांसाठी घडवून एका संचात विकण्याची पद्धत २००८ नंतर व्यावसायिक विश्लेषणाच्या क्षेत्रात पुन्हा रूढ झाली. ही पद्धत सर्वस्वी नवी असल्याचा समज सामान्यतः आढळतो. प्रस्तुत निबंधात या पद्धतीचा इतिहास महाराष्ट्राच्या संदर्भात तपासला आहे. मुंबईतील विमा, तेल, बँक व भांडवल बाजार या क्षेत्रांचा अनुभव पाहता, एकात्म यंत्रणेने प्रत्येक वेळी वेग दिला आणि त्याबरोबर उत्पादकावरील अवलंबनही वाढविले असे दिसते. विश्लेषणाचे एकक व प्रश्न ठरविण्याचे काम मात्र कोणत्याही यंत्राने केलेले नाही. हा शेवटचा मुद्दा मराठवाड्यासारख्या विभागासाठी विशेष महत्त्वाचा आहे.

बीजसंज्ञा : एकात्म प्रणाली, व्यावसायिक विश्लेषण, पंच कार्ड, स्तंभनिहाय साठवण, स्वयंचलन, अनुशेष, महसूल मंडळ.

प्रास्ताविक

आपल्याकडील व्यापारी पेढीवर रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या ठेवण्याची जुनी रीत आहे. रोजकीर्दीत व्यवहार घडेल त्या क्रमाने नोंदविला जातो. खतावणीत तोच व्यवहार खातेनिहाय वेगळा काढून मांडला जातो. आज कोण किती रुपये देऊन गेला हे रोजकीर्द सांगते. वर्षभरात कोणत्या खात्यावर किती येणे राहिले, कोणत्या मालात नफा झाला, कोणत्या गावची उधारी बुडीत चालली, हे मात्र खतावणीशिवाय कळत नाही. रोजकीर्द भरण्यास मुनीमाची काही मिनिटे पुरतात. खतावणी काढून ताळेबंद जुळविण्यास दिवाळीपूर्वीचे कित्येक दिवस जातात.

व्यावसायिक संगणनाचा इतिहास हा बऱ्याच अंशी या दोन वह्यांमधील अंतराचा इतिहास आहे. व्यवहार नोंदविण्याची यंत्रणा वेगवान होत गेली, तसा नोंदींचा साठा वाढला आणि त्यातून अर्थ काढण्याचे काम मागे पडत गेले. ते अंतर कमी करण्यासाठी यंत्र आणि आज्ञावली यांची सांगड घालण्याचे प्रयत्न वेगवेगळ्या काळात झाले. या प्रयत्नांचा क्रम मांडणे, महाराष्ट्रातील त्यांचे परिणाम तपासणे आणि ग्रामीण विभागाच्या दृष्टीने त्यांचा अर्थ लावणे, ही या निबंधाची उद्दिष्टे आहेत. विवेचनासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

पंच कार्डाचा काळ

एकात्म विश्लेषण यंत्रणेचा आरंभ इलेक्ट्रॉनिक संगणकाच्या कितीतरी आधी झाला. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ याने तयार केलेली सारणीयंत्रे वापरण्यात आली. प्रत्येक व्यक्तीची माहिती छिद्रांच्या रूपाने एका कार्डावर उमटविली जाई आणि यंत्र त्या छिद्रांवरून मोजणी व वर्गवारी करी. हॉलरिथने १८९६ मध्ये स्थापन केलेली कंपनी पुढे १९११ मध्ये इतर कंपन्यांसह एकत्र आली आणि १९२४ मध्ये तिने आयबीएम हे नाव धारण केले.

या यंत्रांत यंत्रसामग्री व आज्ञावली असा भेदच नव्हता. कोणती छिद्रे मोजायची हे तारांच्या जोडणीने ठरे. कार्ड, यंत्र, जोडणी आणि दुरुस्ती हे सर्व एकाच कंपनीकडून येई, आणि यंत्र बहुधा विकले न जाता भाड्याने दिले जाई. अशा व्यवस्थेत ग्राहकाला उत्तर लवकर मिळे. त्याचबरोबर यंत्राची मालकी व ते चालविण्याचे अंतर्गत ज्ञान ग्राहकाबाहेर राही. पुढील शतकभराच्या इतिहासात ही दोन्ही लक्षणे पुन्हा पुन्हा आढळतात.

मुंबई : तेल कंपनी ते आयुर्विमा महामंडळ

भारतातील पहिला डिजिटल संगणक १९५५ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत स्वदेशात घडविलेला संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला आणि १९६२ मध्ये त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण झाले. हे दोन्ही संगणक वैज्ञानिक गणितासाठी होते. व्यापारी कामासाठी देशातील पहिला संगणक म्हणून १९६१ मध्ये मुंबईच्या एस्सो या तेल कंपनीत बसविलेल्या आयबीएम १४०१ चा उल्लेख केला जातो.

१४०१ ची क्षमता आज नगण्य वाटेल. त्याची कमाल स्मृती १६,००० अक्षरांची होती. परंतु त्याच्या कार्डवाचकाची गती मिनिटाला ८०० कार्डे आणि मुद्रकाची गती मिनिटाला ६०० ओळी होती. एका कार्डावर ८० स्तंभ असत. एक लाख ग्राहकांची कार्डे एकदा वाचण्यास या हिशेबाने सुमारे १२५ मिनिटे लागत. कारकुनांच्या संपूर्ण विभागाला आठवडे लागणारे काम दुपारपर्यंत होऊ शकत होते.

या गतीचा सर्वांत मोठा ग्राहक ठरू शकणारी संस्था मुंबईतच होती. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी भारतीय आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. १५४ भारतीय व १६ परदेशी विमा कंपन्या आणि ७५ भविष्यनिधी संस्था, अशा एकूण २४५ संस्थांची दप्तरे त्यात विलीन झाली. प्रत्येकीची हिशेबपद्धती निराळी होती. हप्त्यांच्या सूचना, थकबाकी, बोनस व दायित्वाचे मूल्यांकन ही कामे १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून पंच कार्ड यंत्रांवर होऊ लागली. १९६० च्या दशकाच्या मध्यास महामंडळाने मुंबई व कोलकाता येथे संगणक बसविण्याचे ठरविले, तेव्हा कर्मचारी संघटनांनी त्यास तीव्र विरोध केला. कोलकात्यात इलॅको हाऊस या इमारतीत यंत्र येऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी दीर्घकाळ पहारा ठेवला.

या विरोधाकडे प्रगतीला केलेला आंधळा विरोध म्हणून पाहण्याची प्रथा पडली आहे. तथापि सुशिक्षित बेरोजगारीच्या त्या काळात कारकुनी हीच मध्यमवर्गाची मुख्य उपजीविका होती, आणि यंत्रामुळे होणाऱ्या बचतीत कर्मचाऱ्याचा वाटा कोणता, या प्रश्नाचे उत्तर व्यवस्थापनाने दिलेले नव्हते.

दांडेकर समिती आणि स्वयंचलनाचा प्रश्न

या वादाच्या पार्श्वभूमीवर केंद्र शासनाने १९६९ मध्ये स्वयंचलनविषयक समिती नेमली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे तत्कालीन संचालक प्रा. वि. म. दांडेकर हे तिचे अध्यक्ष होते. समितीचा अहवाल १९७२ मध्ये आला. संगणकावर सरसकट बंदी घालू नये आणि त्यास सरसकट मुभाही देऊ नये, प्रत्येक प्रस्तावाची गरज व परिणाम पडताळून निवडक स्वयंचलन करावे, असा समितीच्या भूमिकेचा आशय होता. नीलकंठ रथ यांच्यासह भारतीय दारिद्र्याचा अभ्यास १९७१ मध्ये सिद्ध करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाकडे हा विषय सोपविला गेला, ही बाब लक्षणीय आहे. संगणक हा त्या काळी तंत्रज्ञानाइतकाच श्रमाच्या वाटणीचा प्रश्न मानला गेला होता. प्रा. दांडेकरांचा उल्लेख याच निबंधात पुढे आणखी एका समितीच्या संदर्भात येणार आहे.

आयबीएमचे प्रस्थान

एकात्म यंत्रणेवरील अवलंबनाचा प्रत्यय १९७० च्या दशकात आला. अमेरिकेत आयबीएमने जून १९६९ मध्ये यंत्र आणि आज्ञावली यांची किंमत वेगळी आकारण्याचे जाहीर केले होते. भारतात मात्र जुनी, परदेशात कालबाह्य झालेली यंत्रे दुरुस्त करून भाड्याने देण्याचा तिचा व्यवहार चालूच राहिला. संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५–७६ च्या अहवालात या व्यवहारावर टीका केली. परकीय चलन नियमन कायदा १९७३ नुसार परदेशी भागभांडवल ४० टक्क्यांपर्यंत उतरविण्याची अट आली. जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना ही अट शिथिल करण्यास शासनाने नकार दिला आणि १९७८ मध्ये आयबीएमने भारतातील कारभार गुंडाळला.

ज्या कार्यालयांचा हिशेब या यंत्रांवर होता त्यांच्यापुढे देखभालीची मोठी अडचण उभी राहिली. डिसेंबर १९७५ मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक क्षेत्रातील सीएमसी या कंपनीने ती जबाबदारी उचलली. दुसऱ्याने बांधलेली यंत्रणा आतून समजून घेण्याचे शिक्षण भारतीय अभियंत्यांना या निमित्ताने मिळाले. याच काळात मुंबईत दुसरी परंपरा वाढत होती. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने फकीरचंद कोहली यांच्या नेतृत्वाखाली सेंट्रल बँकेच्या शाखाशाखांमधील व्यवहारांच्या जुळणीसारखी कामे केली. ही जुळणी म्हणजे निरनिराळ्या रोजकीर्दींमधून एक खतावणी काढणेच होते.

फारकतीचा काळ आणि १९९२ चा धडा

१९७० मध्ये एडगर कॉड याने माहितीच्या साठवणीची संबंधात्मक पद्धत मांडली. माहिती तक्त्यांच्या रूपात ठेवावी आणि ती यंत्रात प्रत्यक्ष कोठे आहे याची चिंता विचारणाऱ्याने करू नये, हे तिचे सूत्र होते. या सूत्रामुळे आज्ञावली यंत्रापासून सैद्धांतिकदृष्ट्या मुक्त झाली. पुढील दोन दशकांत कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर कोणत्याही कंपनीची माहितीप्रणाली चालविणे शक्य झाले. भारतात कर्मचारी संघटनांशी झालेला १९८३ चा करार आणि रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या रंगराजन समितीचा १९८४ चा अहवाल यांनंतर बँकांत संगणक हळूहळू येऊ लागले.

हा प्रवेश किती अपुरा होता हे एप्रिल १९९२ मध्ये उघड झालेल्या रोखे गैरव्यवहाराने दाखविले. सरकारी रोख्यांच्या मालकीची नोंद मुंबईत रिझर्व्ह बँकेच्या सार्वजनिक ऋण कार्यालयात हाताने होत असे. व्यवहार आणि त्याची जुळणी यांत मोठे अंतर पडे. या अंतराचा फायदा घेऊन आधार नसलेल्या बँक पावत्यांवर मोठ्या रकमा फिरविल्या गेल्या. व्यवहाराच्या नोंदी तुटक रूपाने अस्तित्वात होत्या, पण सर्व बँकांच्या नोंदी शेजारी ठेवून पाहणारी यंत्रणा नव्हती. विश्लेषणाच्या विलंबाची किंमत किती मोठी असू शकते याचे हे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण होय.

त्यानंतरची सुधारणा वेगाने झाली. नोव्हेंबर १९९२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय शेअर बाजाराने १९९४ मध्ये उपग्रहजोडणीवर व्यवहार सुरू केले. १८७५ पासून चालत आलेल्या मुंबई शेअर बाजारानेही १९९५ मध्ये ‘बोल्ट’ ही संगणकीय व्यवस्था स्वीकारली. ती उभारण्याचे काम सीएमसीने केले. आयबीएमच्या यंत्रांची देखभाल करीत वाढलेली संस्था दीड-दोन दशकांत स्वतः एवढी व्यवस्था उभारू शकली, हे नोंद घेण्याजोगे आहे. परंतु हा सर्व वेग प्रामुख्याने व्यवहाराचा होता.

पुनर्मीलन : २००८ नंतरची एकात्म यंत्रणा

नोंदींचा साठा वाढला तशी सर्वसाधारण यंत्रावर चालणारी माहितीप्रणाली विश्लेषणास अपुरी पडू लागली. अडचण गणिताची नसून वहनाची होती. तबकडीवरील एखादी नोंद शोधण्यास काही सहस्रांश सेकंद लागतात. मुख्य स्मृतीतून तीच नोंद मिळण्यास सेकंदाच्या एक कोटीव्या भागाइतका वेळ पुरतो. कोट्यवधी नोंदी तबकडीवरून प्रक्रियकापर्यंत आणण्यातच बहुतांश वेळ खर्ची पडे.

यावर तीन उपाय झाले. पहिला उपाय काम वाटून देण्याचा. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या टेराडेटा या अमेरिकी कंपनीने अनेक प्रक्रियक व अनेक तबकड्या यांचा एकच संच बनविला आणि १९८४ पासून तो बाजारात आणला. प्रत्येक प्रक्रियक आपल्या वाट्याच्या नोंदी तपासतो आणि उत्तरे शेवटी एकत्र होतात. दुसरा उपाय नोंदी जेथे आहेत तेथेच गाळण्याचा. २००० च्या दशकात नेटेझा या कंपनीने तबकडीशेजारीच विशेष चकती बसवून अनावश्यक नोंदी वाटेतच वगळण्याची सोय केली. आयबीएमने २०१० मध्ये ही कंपनी विकत घेतली. तिसरा उपाय साठवणीची रचना बदलण्याचा आणि सर्व माहिती मुख्य स्मृतीत ठेवण्याचा.

या तिसऱ्या उपायाचे मर्म खतावणीच्या उदाहरणाने समजते. सामान्य प्रणाली नोंद ओळीने साठवते, म्हणजे ती रोजकीर्द असते. विश्लेषणात पन्नास स्तंभांपैकी दोनच हवे असले, तरी ओळीने साठविलेल्या माहितीत सर्व पन्नास वाचावे लागतात. माहिती स्तंभनिहाय साठविली तर तेवढे दोनच स्तंभ वाचून काम भागते. शिवाय एका स्तंभात सारखी मूल्ये पुनःपुन्हा येतात. जिल्ह्याच्या स्तंभात ‘परभणी’ हा शब्द लाखो वेळा लिहिण्याऐवजी त्यासाठी एक लहान अंक वापरला की साठा आकसतो आणि स्मृतीत मावतो.

ओरॅकल कंपनीने सप्टेंबर २००८ मध्ये एचपीच्या यंत्रावर एक्झाडेटा ही एकात्म यंत्रणा जाहीर केली. जानेवारी २०१० मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स ही यंत्रनिर्माती कंपनी ताब्यात घेतल्यावर ओरॅकल स्वतःच यंत्र व आज्ञावली या दोहोंची उत्पादक झाली. जर्मनीच्या सॅप कंपनीची स्मृतीवर चालणारी हाना प्रणाली २०११ मध्ये सर्व ग्राहकांना उपलब्ध झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओरॅकलने केवळ विश्लेषणासाठी एक्झालिटिक्स हे यंत्र आणले. त्यात ४० प्रक्रियक-गाभे आणि १ टेराबाइट स्मृती होती. तेवढी अक्षरे पंच कार्डांवर उतरवायची तर सुमारे १,२५० कोटी कार्डे लागतील आणि १४०१ च्या वाचकास ती अखंड वाचण्यास सुमारे ३० वर्षे लागतील. अर्धशतकातील अंतराची कल्पना या हिशेबावरून येते.

या पुनर्मीलनाबरोबर जुना प्रश्नही परतला. यंत्र, माहितीप्रणाली, देखभाल व परवाना हे सर्व एकाच कंपनीकडून घेणाऱ्या संस्थेला दुसरीकडे वळणे कठीण होते. १९७८ मध्ये भाड्याचे यंत्र परत जात होते. आता यंत्र संस्थेच्या आवारातच राहते, पण त्यावरील माहितीची मांडणी आणि ती वाचण्याची रीत उत्पादकाच्या हाती असते. स्वतःचे कौशल्य घडविणे हा यावरील उपाय महाराष्ट्रात अपरिचित नाही. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा समांतर महासंगणक आज्ञावलीसह घडविला. डॉ. आनंद देशपांडे यांनी १९९० मध्ये पुण्यात स्थापन केलेली पर्सिस्टंट सिस्टिम्स ही कंपनीही माहितीप्रणालीच्या संशोधनातील त्यांच्या पार्श्वभूमीतून उभी राहिली.

एककाचा प्रश्न : मराठवाडा आणि बोरी

यंत्र उत्तर किती लवकर देते याची चर्चा पुष्कळ होते. प्रश्न कोणता आणि कोणत्या एककावर विचारावा, याची त्या मानाने कमी होते. महाराष्ट्राच्या प्रादेशिक असमतोलाच्या अभ्यासासाठी राज्य शासनाने १९८३ मध्ये सत्यशोधन समिती नेमली, तिचेही अध्यक्ष प्रा. वि. म. दांडेकरच होते. रस्ते, सिंचन, विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य आदी क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीहून किती मागे आहे हे समितीने मोजले. १९८४ च्या अहवालानुसार राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये आणि त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी रुपये, म्हणजे जवळपास २४ टक्के ठरला. या आकड्यांनी पुढील चार दशकांच्या राजकीय चर्चेला भाषा दिली. या विश्लेषणाचे बळ गणनेच्या वेगात नव्हते. जिल्हा हे एकक आणि राज्य सरासरी हा निकष स्वीकारण्याच्या निर्णयात ते होते. जिल्हा एकक धरल्याने जिल्ह्यांतर्गत विषमता सरासरीत झाकली जाते, हा आक्षेपही त्याच निर्णयातून उद्भवतो.

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्याचे बोरी हे गाव या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. परभणी–जिंतूर मार्गावरील या गावाच्या नावाने महसूल मंडळ आहे. २०१६ च्या खरिपापासून लागू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत महाराष्ट्रातील प्रमुख पिकांसाठी महसूल मंडळ हे एकक धरले गेले. मागील सात वर्षांपैकी उत्तम पाच वर्षांच्या सरासरीला जोखीमस्तराने गुणून उंबरठा उत्पन्न ठरते. चालू वर्षाचे मंडळाचे सरासरी उत्पन्न त्याहून कमी आले, तर तुटीच्या प्रमाणात विमा संरक्षित रकमेचा भाग देय होतो. उदाहरणार्थ, उंबरठा उत्पन्न हेक्टरी १० क्विंटल, मंडळाचे प्रत्यक्ष उत्पन्न ८ क्विंटल आणि संरक्षित रक्कम ५०,००० रुपये धरल्यास भरपाई १०,००० रुपये येते. मंडळातील एखाद्याला ३ क्विंटल पिकले आणि दुसऱ्याला ९ क्विंटल, तरी दोघांनाही हीच रक्कम मिळते. मंडळाचे उत्पन्न १० क्विंटल आले तर ३ क्विंटलवाल्यालाही या घटकाखाली काही मिळत नाही. स्थानिक आपत्तीसाठी वैयक्तिक पंचनाम्याची स्वतंत्र तरतूद योजनेत होती, परंतु उत्पन्नावर आधारित भरपाईचे गणित मंडळाच्या सरासरीवरच चालले.

येथे एकात्म यंत्रणा काय साधू शकते? अर्ज, पीकपेरा, पीक कापणी प्रयोग व बँक खाती यांची जुळणी ती काही मिनिटांत करू शकेल. भरपाई लवकर मिळणे ही शेतकऱ्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे, कारण पुढील पेरणीचे बियाणे त्यावर अवलंबून असते. परंतु मंडळाच्या सरासरीत हरवलेला शेतकरी यंत्राचा वेग शतपट झाल्याने सापडणार नाही. त्यासाठी एकक लहान करावे लागेल, कापणी प्रयोगांची संख्या वाढवावी लागेल आणि हा निर्णय धोरणाचा आहे. आणखी एक बाब येथे जाणवते. नोंद बोरीत होते, विश्लेषण मात्र मुंबई–पुण्यात किंवा त्याहूनही दूर होते. ज्यांच्याविषयीची ती नोंद आहे त्यांना ती पडताळण्याची किंवा तिला वेगळा प्रश्न विचारण्याची सोय क्वचितच असते.

निष्कर्ष

१) व्यावसायिक विश्लेषणासाठी यंत्र व आज्ञावली यांचे एकीकरण ही नवी कल्पना नाही. पंच कार्ड यंत्रांपासून एक्झालिटिक्सपर्यंत एकीकरण, फारकत व पुनर्मीलन असा तिचा क्रम दिसतो.

२) एकीकरणाने वेग मिळतो आणि त्याबरोबर उत्पादकावरील अवलंबन वाढते. १९७८ च्या अनुभवावरून असे दिसते की यंत्रणा आतून जाणणारे मनुष्यबळ जवळ असेल तर हे अवलंबन निभावता येते.

३) १९९२ च्या रोखे गैरव्यवहारावरून विश्लेषणातील विलंब समाजाला किती महाग पडतो हे स्पष्ट होते. त्यामुळे वेगाचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही.

४) वेगाने एककाचा व निकषाचा प्रश्न सुटत नाही. १९८४ च्या अनुशेषाच्या गणनेत व २०१६ नंतरच्या पीक विम्यात न्यायाचा प्रश्न सरासरीच्या निवडीशी निगडित होता.

५) ग्रामीण महाविद्यालयांनी वाणिज्य, अर्थशास्त्र, सांख्यिकी व संगणकशास्त्र या विभागांच्या सहकार्याने आपल्या परिसरातील उपलब्ध नोंदींचे विश्लेषण स्वतः हाती घेणे इष्ट ठरेल. एका महसूल मंडळाच्या नोंदींसाठी महागड्या एकात्म यंत्राची आवश्यकता नाही. साधा संगणक, योग्य प्रश्न आणि परिसराची माहिती असलेला विद्यार्थी यांवर ते काम होऊ शकते. आपल्या गावाची खतावणी आपल्यालाही वाचता आली, तर दूरच्या यंत्राने दिलेले उत्तर तपासून पाहण्याचा अधिकार प्रत्यक्षात वापरता येईल.